संगीताचे तंत्र शिकून मुलगा करणार काय?

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, बाजारात उठाव नव्हता तेव्हा, भिवंडीतील आमचे एक यंत्रमागधारक स्नेही पेढीवर येऊन बसले. चहा आला, गार झाला, तरी गप्प. मग म्हणाले, "शेठ, मुलगा हातचा गेला." आम्ही दचकलो. चौकशी करता कळले की मुलगा बारावी सायन्सला चांगल्या गुणांनी पास झाला आहे, गणित आणि फिजिक्समध्ये तर वर्गात पुढे आहे, आणि आता इंजिनिअरिंग सोडून म्युझिक टेक्नॉलॉजीची पदवी घ्यायची म्हणतो. फी भरायची तर चार माग भंगारात काढावे लागणार, कारण व्याजाचे कर्ज त्यांना नको होते. काय करावे?

आम्ही सल्ला तिथल्या तिथे दिला. गाणे-बजावणे शिकायला कोणी माग विकतो का? मुलाला सूत बाजारात हिंडवा, वर्षभरात ताळ्यावर येईल. स्नेह्यांनी मान डोलावली, घरी गेले, आणि माग विकले. बापाचे मन म्हणतात ते हेच. आज तो सल्ला आम्ही मागे घेत आहोत. सगळा नाही, पण बराचसा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. संगीत ऐकण्या-वाजवण्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे. हे पान व्यापाराचे आहे, फतव्याचे नाही. आम्ही इथे एवढेच मांडतो की या शिक्षणाच्या नावात संगीत असले तरी त्याच्या पोटात गणित आहे. त्याचे गिऱ्हाईकही फक्त गाणारे-वाजवणारे नाहीत. मशिदीची कमिटी, लूमचा कारखाना, कानाचे डॉक्टर आणि आमच्यासारखा कापडवाला हेसुद्धा त्यात येतात. हे आम्हाला कळले ते एका परत आलेल्या मालामुळे.

झाले असे की अंधेरीच्या एका स्टुडिओकडून भिंतींना लावायच्या काळ्या कापडाची ऑर्डर आली, तीनशे मीटर. स्टुडिओ म्हणजे आवाज कोंडायची जागा, तेव्हा कापड जाड हवे, असा आम्ही हिशेब केला आणि आमच्याकडचे उत्तमातले उत्तम, पाठीला तीन थर दिलेले ब्लॅकआउट कापड पाठवले. आठवड्यात सगळा माल परत. जाण्या-येण्याचे भाडे आमच्या अंगावर. फोनवर तिथला माणूस एवढेच म्हणाला, "शेठ, यातून आवाज आत जातच नाही." आत म्हणजे कुठे, ते आम्हाला समजेना.

तो मुलगा तेव्हा सुट्टीवर घरी आला होता. त्याला बोलावून दोन्ही कापडे दाखवली. तो म्हणाला, "चाचा, तोंडाला लावून फुंका." फुंकले. ब्लॅकआउटमधून आमचाच श्वास आमच्या तोंडावर परत आला. मग त्याने ताग्यांच्या ढिगातून एक साधे, विरळ विणीचे पॉलिस्टर ओढून काढले. त्यातून फुंकर आरपार गेली. "स्टुडिओच्या भिंतीला लाकडी चौकटीत लोकरीसारखा जाड थर भरलेला असतो. आवाज गिळतो तो थर. कापड नुसता चेहरा. चेहऱ्यातून हवा गेली नाही तर आवाज थरापर्यंत पोचणार कसा? बाहेरच्या बाहेर उलटून येतो." स्पीकरच्या तोंडावर लावतात त्या कापडालाही हाच नियम.

तीस वर्षे आम्ही कापड बोटांनी पारखले, धागा मोजायच्या भिंगाने पारखले, जाळूनही पारखले. फुंकून कधी पारखले नव्हते. वाचकांत जे ग्रे किंवा फर्निशिंगच्या धंद्यात आहेत त्यांच्यासाठी मालाचा तपशील असा: वीण विरळ पण एकसारखी, रंग न चमकणारा, पन्हा मोठा. सूत पॉलिस्टरचे बरे, कारण सुती कापड पावसाळ्यातल्या दमट हवेत ढिले पडते आणि चौकटीवर पोट काढते. सभागृहासाठी असेल तर आग लवकर न पकडणारी प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र मागतात, ते आधीच काढून ठेवावे. जाड मखमली पडद्याची गोष्ट वेगळी. तो सपाट ताणून लावला तर फारसा उपयोग नाही. भरपूर चुण्या देऊन, भिंतीपासून थोडा दूर टांगला तर आवाज चांगला शोषतो. म्हणजे एका खिडकीला दुप्पट कापड. हे कापडवाल्याने ऐकून आनंदाने लक्षात ठेवावे असे शास्त्र आहे.

त्या दिवशी आम्ही मुलाला विचारले, तुम्हाला तिथे शिकवतात तरी काय? त्याने सांगितलेला इतिहास आम्हाला नवा होता. जर्मनीत डेटमोल्ड या गावी १९४९ साली 'टोनमायस्टर' नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला. शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत ध्वनीचा उस्ताद. ज्याला स्वरलिपी वाचता येते आणि यंत्रही उघडता येते असा माणूस तयार करायचा, ही कल्पना. इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठाने १९७० साली याच नावाने पदवी सुरू केली. प्रवेशाला संगीताबरोबर गणित आणि फिजिक्सही पक्के लागे. चार वर्षांपैकी तिसरे वर्ष वर्गाबाहेर, प्रत्यक्ष स्टुडिओत किंवा कंपनीत काम करण्याचे. आपल्याकडे कारागिराच्या मुलाला उस्तादाच्या हाताखाली ठेवतात, तसेच हे.

आणि मग त्याने गाद्यांची गोष्ट सांगितली. ती आम्ही आता भेटेल त्याला सांगतो. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने फॉग आर्ट म्युझियमचे नवे व्याख्यानगृह बांधले. दिसायला छान, पण आत बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. एक वाक्य संपण्याआधी दुसरे त्यावर चढे. उर्दू शाळेत आम्ही याला 'बाजगश्त' म्हणायला शिकलो होतो, त्याचा हिशेब असतो हे मात्र कुणी शिकवले नव्हते. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. जवळच्या सँडर्स थिएटरमधील बाकांवरच्या गाद्या तो रात्री उचलून आणी, ऑर्गनची एक नळी वाजवी, ती थांबल्यावर आवाज किती वेळ राहतो ते मोजी, आणखी गाद्या मांडी, पुन्हा मोजी, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागेवर परत. आवाज शोषण्याचे त्याचे पहिले माप होते 'गादीचे इतके मीटर'. म्हणजे मीटरनेच विकायचा माल! या रात्रींतून एक सूत्र निघाले, आणि त्याच्या आधारे बोस्टनचे सिंफनी हॉल बांधले गेले. ते १९०० साली उघडले. उत्तम आवाजासाठी आजही त्याचे नाव घेतात.

सूत्र सोपे आहे. खोलीचे घनमीटर घ्या, ०.१६१ ने गुणा, आणि खोलीत आवाज गिळणारे जे काही आहे त्याच्या बेरजेने भागा. उत्तर सेकंदांत येते. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक, कारण गेलेला आवाज परत येत नाही. तेवढाच गालिचा म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. फरशी, गिलावा, संगमरवर म्हणजे शंभरात दोन-तीन. बसलेला माणूस म्हणजे जवळजवळ अर्धा.

आता आमच्या मोहल्ल्यातील मशिदीकडे येतो. कमिटीत आम्ही स्वतः आहोत, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला देत नाही. जुन्या मशिदीचे लाकडी छत काढून आम्ही स्लॅब टाकला, भिंतींना छतापर्यंत टाइल्स लावल्या. लोक बघून खूश झाले. पण इमामसाहेबांचे बयान कळेनासे झाले. मागच्या सफेतील वडीलधारी मंडळी म्हणत, आवाज येतो पण शब्द येत नाही. आम्ही मोठा अँप्लिफायर आणला. तरी तेच. मग त्याहून मोठा, आणि मागच्या भिंतीवर आणखी दोन स्पीकर. आता शब्दही जाईना आणि कानही दुखू लागले. जमातच्या पैशांचा हा चुराडा आम्हीच केला, हे लिहिताना संकोच वाटतो.

मुलाने दुपारच्या रिकाम्या वेळी मध्यभागी उभे राहून एकदा टाळी वाजवली आणि गप्प ऐकत राहिला. मग टेपने माप घेतले. २० मीटर लांब, १५ रुंद, ६ उंच, म्हणजे १,८०० घनमीटर. गालिचाचे ६० आणि बाकी सगळ्या टाइल्स-गिलाव्याचे मिळून २२, एकूण ८२. उत्तर आले साडेतीन सेकंद. फजरनंतर दोन सफा बसतात तेव्हा दर्स का कळत नाही, ते कागदावर दिसले. जुम्म्याला ४०० माणसे आली की प्रत्येकाचा अर्धा-अर्धा मिळून गुंजन सेकंदाच्या आसपास येते. "म्हणजे जुम्म्याचा त्रास गुंजनाचा नाही, चाचा. तो मागच्या स्पीकरचा आहे."

ते त्याने असे समजावले. वायरमधून वीज एका क्षणात मागच्या स्पीकरला पोचते. पुढच्या स्पीकरचा आवाज हवेतून चालत येतो, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. वीस मीटर यायला त्याला हजारातले अठ्ठावन्न भाग लागतात. मागे बसलेल्याला तोच शब्द आधी पाठीमागून, मग समोरून, असा दोनदा ऐकू येतो. पन्नासच्या वर फरक गेला की कान ते दोन आवाज म्हणून धरतो. इलाज एकच: मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडायचा. ही सोय आमच्याच यंत्रात होती. बटण होते, कुणी हात लावला नव्हता.

पुढे मागच्या भिंतीवर आणि बाजूंना उंचावर मिळून साठ चौरस मीटर शोषणाऱ्या चौकटी बसवल्या. कापड आमचे, फुंकून घेतलेले, मशिदीला भेट. सुतारकाम मोहल्ल्यातील मुलांनी केले. रिकाम्या मशिदीतील गुंजन साडेतीनवरून सव्वादोन सेकंदांवर आले. अँप्लिफायरचे बटण आता निम्म्यावरही न्यावे लागत नाही. सगळा खर्च दुसऱ्या अँप्लिफायरच्या किमतीच्या निम्म्याहून कमी झाला.

याच वेळी बाहेरच्या भोंग्याचाही प्रश्न निघाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि जागेच्या हद्दीवर त्याचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्याच्यावर जाता कामा नये. निवासी भागात दिवसा म्हणजे ६५. रात्री १० ते सकाळी ६ बाहेरचा भोंगा बंद. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हटले आणि आवाजाची मर्यादा यंत्रातच बांधून ठेवण्याच्या उपायाकडेही सरकारचे लक्ष वेधले. त्यावर बांधवांत बरीच चर्चा झाली. आम्ही चर्चेत पडत नाही. यंत्रात मर्यादा बांधणाऱ्या उपकरणाला लिमिटर म्हणतात. आमचा हा मुलगा सांगत होता की स्टुडिओत काम करणारा विद्यार्थी पहिल्या काही महिन्यांतच ते हाताळायला शिकतो.

उघड्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. आमच्या भोंग्यापासून एक मीटरवर १०० डेसिबल मिळत होते. हद्द १२ मीटरवर. तिथे ७८ होत होते, म्हणजे १३ जास्त. त्याने भोंग्याचे तोंड थोडे वळवले, एक मीटरवर ८६ च्या वर जाणार नाही असा लिमिटर बांधला आणि सगळे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवले. तक्रार झालीच तर कमिटीला आता वहीतला हिशेब समोर ठेवता येईल.

मशिदीचे काम झाले तसे आम्हाला या विद्येच्या कमाईबद्दल कुतूहल वाटू लागले. व्यापारी माणूस, दुसरे काय होणार! अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६७ साली जॉन चौनिंग नावाच्या संगीताच्या माणसाला कॉम्प्युटरवर स्वर तयार करण्याची एक नवी, अगदी स्वस्त रीत सापडली. अमेरिकी ऑर्गन कंपन्यांना तिचे मोल कळले नाही. जपानच्या यामाहाला कळले. विद्यापीठाने चौनिंग यांना मध्यंतरी नोकरीत कायम केले नव्हते, पुढे परत बोलावले. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ बाजारात आला आणि जगभर खपला. त्या पेटंटमधून विद्यापीठाला दोन कोटी डॉलरहून अधिक मिळाले. दुसरी गोष्ट अँडी हिल्डेब्रँड यांची. जमिनीत आवाज सोडून त्याच्या परतीवरून तेल शोधण्याचे गणित ते करीत. तेच गणित त्यांनी गाणाऱ्याचा ढळलेला सूर जागेवर आणण्याला लावले. १९९७ साली ऑटो-ट्यून आले.

आणि हे सगळे पश्चिमेचेच, असेही समजू नये. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी स्वतः वाजणाऱ्या बासरीचे यंत्र लिहून ठेवले आहे. पाण्याच्या जोरावर फिरणारा दंडगोल, त्यावर खुंट्या, खुंटीप्रमाणे छिद्र उघडणार. डॉबीच्या मागावर ज्यांनी काम केले आहे त्यांना चित्र काढून दाखवायला नको. पट्टीतली खुंटी धागा उचलते, तशी ती स्वर उचलीत असे.

पण आपल्या कारागिरांसाठी याची दुसरी बाजूही आहे. मिरजेचे सतारमेकर, त्यांत शिकलगार घराणी जुनी, पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे करत आले आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. पण १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण या बासरी वाजवणाऱ्या इंजिनिअरने इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, आणि आज तोच तानपुरा मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. रियाजाला बसणारा विद्यार्थी भोपळ्याच्या तंबोऱ्याआधी तो घेतो. असे यंत्र हाताने वाद्य करणाऱ्याच्या घरातील मुलाने का बनवू नये? जवारी कशी लागते हे त्याच्याइतके कुणाला कळते? विद्यापीठाचे दार त्याला माहीत नाही, एवढेच. आमच्या मते मिरजेसारख्या ठिकाणी घरटी एक मूल या शिक्षणाला गेले तर ते वाद्याच्या विरोधात जाणार नाही.

ए. आर. रहमान यांनी २००८ साली चेन्नईत संगीताचे महाविद्यालय काढले, तिथे हे तंत्रही शिकवण्याची सोय केली. केरळचे रसूल पूकुट्टी फिजिक्सचे पदवीधर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचे शिक्षण घेऊन ते २००९ साली ऑस्करपर्यंत गेले. ही नावे घेऊन मुले आई-बापांना पटवतात. पटवू द्या, पण फी भरण्यापूर्वी बापाने स्वतः जाऊन पाहावे. चार महिन्यांत एक सॉफ्टवेअर शिकवून भारी फी घेणारी दुकाने पुष्कळ निघाली आहेत. आम्ही विचारतो ते असे: गणित आणि ध्वनीचे मोजमाप शिकवता का? मोजण्याची खोली कुठे आहे, दाखवा. शिकताना प्रत्यक्ष कामावर किती महिने पाठवता? मागच्या वर्षीची मुले आज कुठे आहेत, दोघांशी बोलू द्या. या चौथ्या प्रश्नावर ज्यांची जीभ अडखळते तिथून उठून यावे. आणि मुलालाही सांगावे की सगळेच सिनेमात जात नाहीत. सभागृहांची उभारणी, स्पीकरचे कारखाने, गाडीतला आवाज, श्रवणयंत्रे, कारखान्यातील गोंगाटाची तपासणी, रोजी इथेही आहे. नाव होणार नाही, बिल मात्र निघेल.

गोंगाटावरून आठवले. मागच्या सुट्टीत हा मुलगा मीटर घेऊन स्वतःच्याच कारखान्यात गेला. धोट्याचे माग चालू असताना मध्यभागी ९८ डेसिबल भरले. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांना ९० ची मर्यादा आहे. आठचाच फरक, असे आम्हाला वाटले. त्याने सांगितले की दर तीन डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते, म्हणजे कानावर सहापट मार. आपल्या माणसांची पाळी तर बारा तासांची. कान जातो तो आधी ४,००० च्या आसपासच्या बारीक आवाजांना, त्यामुळे वर्षानुवर्षे कळत नाही. बाई माणसाचे, लहान मुलाचे बोलणे आधी सुटते.

त्याने वडिलांना धरून कानाच्या डॉक्टरकडे नेले. आलेख निघाला, बरोबर त्याच जागी खड्डा. स्नेही पेढीवर येतात तेव्हा आम्हाला प्रत्येक भाव दोनदा सांगावा लागतो. आजवर आम्ही समजत होतो की हे घासाघीस करण्याचे त्यांचे तंत्र आहे. मुलाने कारखान्यातील सगळ्यांसाठी कानात घालायची बोंडे आणली. कारागीर घालू लागले आहेत. वडील अजून तयार नाहीत. म्हणतात, बोंडे घातली तर कुठला माग आडवा चालतोय तो आवाज ऐकू येत नाही.